मडक्याचं चित्र

झिग्बोर्दी म्हणजे आमच्या एवे भाषेत धीर. नाव ठेवलं त्या दिवशी पोर गाढ झोपलं होतं म्हणे, म्हणून आई फसली. त्यानंतर ती तशी कधी झोपल्याचं कुणाला आठवत नाही. तोकोमे गावात तिच्याइतकं चुकीचं नाव दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेलं नाही, आणि हे तिला तोंडावर सांगायला कुणी कचरतही नाही.

आई मडकी घडवायची. आमच्याकडे मडकं चाकावर होत नाही. मातीचा गोळा जमिनीवर ठेवायचा आणि बाईनं त्याच्याभोवती ओणवं होऊन हळूहळू फिरत काठ वर ओढत न्यायचा. फिरणं झिग्बोर्दीला जमायचं, हळू फिरणं जमायचं नाही. काठ वर यायच्या आत ही पुढे गेलेली असायची आणि मडकं एका अंगाला कलायचं. "अगं, माती काय तुझ्यामागे धावत येणार आहे का?" आई म्हणायची. शेवटी तिनं लेकीला मातीतून उठवलं आणि बाजारातल्या फोनच्या दुकानात चिकटवून दिलं. पुढे फोन प्रत्येकाच्या खिशात आले, दुकानात संगणक आले, आणि मालक राजधानीला गेला तेव्हा दुकान झिग्बोर्दीच्या गळ्यात पडलं. बाजाराच्या टोकाला निळा पत्र्याचा कंटेनर, त्यावर पाटी: 'धीर धरा इंटरनेट सेंटर'. ती पाटी रंगवणाऱ्यानं केलेली थट्टा होती. पुसून टाकीन म्हणता म्हणता वर्षं गेली, पण पुसायला उसंत कुणाला होती?

तिचं खरं नाव झालं ते चित्रांमुळे. तोकोमेत कुणी इंटरनेटचा पत्ता टाइप करत नाही. एवढी लांब अक्षरं, मध्येच ठिपके, मध्येच तिरक्या रेघा. एक चुकलं की सगळंच मुसळ केरात. म्हणून झिग्बोर्दीनं प्रत्येक सरकारी पानाचा शॉर्टकट करून डेस्कटॉपवर ठेवला आणि त्याला एकेक चित्र दिलं. दवाखान्याच्या कार्डाला मासा, जन्मदाखल्याला कोंबडी, पासपोर्टला होडी आणि शाळेच्या प्रवेशाला मडकं. मग काय, गावाची भाषाच बदलली. "दावी, मला जरा कोंबडीवर घे," असं म्हणत म्हाताऱ्या दारात यायच्या. दावी म्हणजे ताई; पन्नाशीच्या आतबाहेरच्या प्रत्येक बाईला आम्ही दावी म्हणतो, तसं पुरुषांना एफो. दवाखान्यात, चर्चमध्ये, शिक्षण कचेरीत, सगळीकडे हिनंच चित्रं मांडून दिली होती. ती बिघडली की हिलाच बोलावणं यायचं. मासा दाबला की कोरा कागद उघडतो, होडी दाबली की कुणाच्या लग्नाचे फोटो उघडतात. ही धावत जायची, उभ्या उभ्या दुरुस्त करायची आणि चहा पुढे यायच्या आत दाराबाहेर असायची.

एक खोड मात्र सगळ्यांना जाचायची. गिऱ्हाइकानं माउसला हात लावला आणि बाण इकडेतिकडे शोधायला लागलं, की हिचा पाय थडथड उडायला लागायचा. मग "आण इकडे" म्हणून ती त्याच्या हातातून माउस ओढून घ्यायची. तिच्या दुकानात इतकी वर्षं लोक येतात, पण शेवटचं बटण स्वतःच्या बोटानं दाबलेला माणूस तुम्हाला तोकोमेत सापडणार नाही.

त्या सगळ्याची फेड एकाच दिवशी करायची पाळी आली, तो दिवस शाळानिवडीचा होता.

परीक्षेनंतर कुठल्या मुलाला कुठली मोठी शाळा, हे आमच्याकडे राजधानीतलं यंत्र ठरवतं. ज्यांना यंत्रानं काहीच दिलं नाही, त्यांच्यासाठी एक दिवस ते पान उघडतं आणि उरलेल्या जागा दाखवतं. आधी दाबेल त्याची जागा. एकदा दाबलं की दाबलं, आणि संध्याकाळी पान बंद. देशभरची उरलेली पोरं त्या एका पानावर तुटून पडतात, त्यामुळे सकाळी आठाला दिसणारी शाळा दुपारी दिसेलच असं नाही.

दुकानाबाहेर सकाळपासून आयाबापांची झुंबड होती. झिग्बोर्दीनं दाराजवळच्या, त्यातल्या त्यात चपळ मशीनवर मडकं दाबलं, तर लिहिण्याचा प्रोग्रॅम उघडला आणि त्यात दोन ओळी अगम्य अक्षरं. कोंबडी दाबली, तेच. मासा दाबला, तेच.

"काल इथं कोण बसलं होतं?" ती ओरडली.

"तूच बसवलंस ना चर्चच्या सेक्रेटरीला," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

झालं असं होतं की सेक्रेटरीसाहेबांना मशीननं विचारलं, 'हे नेहमी कशानं उघडू?' आणि साहेबांनी न वाचता आपला लिहिण्याचा प्रोग्रॅम दाखवून 'हो' दाबलं. दुरुस्ती तिला पाठ होती. चित्रावर उजवं बटण, 'याने उघडा', ब्राउझर निवडायचा, 'नेहमी' वर खूण करायची, झालं. पण रांग दारातून बाजारात गेली होती, मागून ढकलाढकली चालली होती, आणि पुढ्यात खुर्चीवर तळ्यावरचा एफो डोत्से आपली मुलगी अफी हिला घेऊन आधीच बसला होता. झिग्बोर्दीनं दुरुस्तीचा नाद सोडला. ब्राउझर उघडून पत्ता हातानं टाइप केला, अफीचा परीक्षेचा नंबर टाकला. लाइन सारखी तुटत होती, पुन्हा पुन्हा नंबर टाकायला नको म्हणून 'मला लक्षात ठेव' वर टिचकी मारली. अफीचं पान उघडलं.

"बोला एफो, कुठली शाळा?"

एफो डोत्से उठला. "थांब. दादाला विचारल्याशिवाय कसं सांगू?"

थोरल्या भावाला विचारल्याशिवाय आमच्याकडे मुलीची शाळाच काय, बकरीसुद्धा हलत नाही. दुकानाच्या पत्र्याखाली फोनला आवाज येत नाही, म्हणून तो मुलीला घेऊन पलीकडच्या आंब्याखाली गेला. खुर्ची रिकामी झाली. झिग्बोर्दीचा पाय उडायला लागला. रिकाम्या क्षणाचं तिला काय करावं ते कधीच कळत नाही, तेव्हा तिनं म्हटलं, निदान मडकं तरी नवं करून घेऊ. जुनं चित्र पुसलं. पत्त्याशेजारचं छोटं कुलूप माउसनं धरलं, ओढलं, डेस्कटॉपवर सोडलं, त्यावर मडकं चढवलं. 'याने उघडा'मध्ये ब्राउझर निवडून 'नेहमी'वर खूण केली. झाला शॉर्टकट.

चूक इथं झाली. कुलूप ओढायचं ते पानाच्या उंबऱ्यावरून, जिथं नंबर विचारतात तिथून. हिनं ओढलं ते आतून, अफीच्या पानावरून. म्हणजे आता मडकं दाबलं की माणूस अंगणातून न येता थेट डोत्सेच्या स्वयंपाकघरात उतरणार होता. आणि मशीनला तर सांगूनच ठेवलं होतं की हिला लक्षात ठेव.

पुढचं गिऱ्हाईक एन्योनाम. बाजारात आबोलोचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या पावाचं, पातेलं मांडून बसणारी, गोड गळ्याची, गावभर हसतमुखानं उधार देणारी बाई. लेकीला पातेल्याशी बसवून ती एकटीच आली होती. नवऱ्याचं आडनाव डोत्से. डोत्सेंची घरं गावात चिक्कार आहेत, ती एकमेकांच्या नात्यात असतील किंवा नसतील. आणि लेक शुक्रवारी जन्मलेली, म्हणजे नाव अफी. शुक्रवारी जन्मलेल्या प्रत्येक मुलीचं नाव अफीच असतं, त्यात एन्योनामचा तरी काय दोष?

झिग्बोर्दीनं मडकं दाबलं. पान उघडलं. वर लिहिलेलं: डोत्से, अफी. शेजारी फोटो.

"हीच ना?"

एन्योनामनं डोळे बारीक केले. आमच्या शाळांत मुलींचे केस बारीक कापलेले असतात. गणवेश एक, फोटोवाला एक, त्याचा निळा पडदाही एकच. त्यात मशीनची काच म्हणजे वर्षानुवर्षांची धूळ. "हीच तर! माझं लेकरू," एन्योनाम म्हणाली. नंबराचं कार्ड तिच्या मुठीत होतं, ते तसंच राहिलं.

"शाळा?"

"ती डोंगरातली, मुलींची, राहण्याची सोय असलेली. आहे का गं अजून?"

"एक जागा आहे. शेवटची."

"मग दाब ना बाई!"

एन्योनामनं माउसकडे हात नेला होता. "आण इकडे," झिग्बोर्दी म्हणाली आणि तिनं दाबलं. 'खात्री आहे?' असं पानानं विचारलं, तिनं पुन्हा दाबलं. प्रिंटरची शाई संपत आली होती, कागदावर फोटोच्या जागी नुसता काळा डाग उमटला. एन्योनामनं तो कागद डोक्यावर धरला आणि ती नाचतच बाजारात गेली. तिच्या मागोमाग टाळ्या वाजत गेल्या.

जरा वेळानं एफो डोत्से आंब्याखालून परतला. "दादा म्हणाला, इथलीच दिवसाची शाळा. सकाळी भट्टीवर मासे धुराला लावून जाईल, दुपारी येऊन काढेल. लाव."

झिग्बोर्दीनं मडकं दाबलं. पान सांगत होतं: डोत्से, अफी. शाळा मिळाली आहे. डोंगरातल्या मुलींच्या शाळेचं नाव. निवड अंतिम.

"हे काय?" एफो डोत्सेला वाचायला वेळ लागला, पण वाचता आलं. "हे कुणी केलं? मी तिकडे फोनवर उभा, आणि तू माझी मुलगी डोंगरावर पाठवून मोकळी?"

"एफो, थांबा जरा, मला बघू दे..."

"काय बघणार आता? बघायचं ते आधी बघतात!"

 भट्टीच्या धुरानं कायम लाल असलेले अफीचे डोळे काचेवर खिळले होते. त्या शाळेचं नाव ती ओठांनी, आवाज न करता, पुन्हा पुन्हा वाचत होती.

झिग्बोर्दीनं मडक्यावर उजवं बटण दाबून आत पाहिलं. पत्त्याला मागे लांबच लांब शेपूट लटकत होतं, आणि शेपटीच्या टोकाला या मुलीचा नंबर. तिला सगळं कळलं. डोंगरातली जागा मिळाली ती तळ्यावरच्या अफीला, जिच्या बापाला ती नको होती. आणि बाजारातल्या अफीला, जिची आई आत्ता रस्त्यावर नाचत होती, काहीही मिळालेलं नव्हतं. तिच्या नंबरावर अजून कुणी बोटसुद्धा ठेवलेलं नव्हतं. संध्याकाळी पान बंद झालं की त्या पोरीचं वर्ष गेलं.

 इतकी वर्षं लोकांना झिग्बोर्दी हसून सांगत आली होती, 'चित्र चुकीचं उघडलं तर कुणी मरत नाही.' मरत नाही, खरंय. पण आता त्या वाक्याची तिला लाज वाटली.

"हे सोडवता येईल का?" एफो डोत्सेनं विचारलं.

"शिक्षण कचेरीतून येईल. चूक झाली असेल तर त्याच दिवशी ते जागा सोडवतात. चला. आत्ता चला."

"आणि आमचं काय?" रांग ओरडली.

"मागची मशीन घ्या! पत्ता फळ्यावर लिहिलाय, हातानं टाइप करा!" आणि आपला जुना लॅपटॉप काखेत मारून ती निघाली. रांगेला एवढा मोठा धक्का तिनं आजवर दिला नव्हता.

एन्योनामच्या पातेल्याभोवती गर्दी होती. आनंदानं ती प्रत्येकाच्या हातावर फुकट आबोलो ठेवत होती. झिग्बोर्दीला पाहून तिनं तिलाही एक पानात गुंडाळून पुढे केला. "घे, तुझ्या तोंडात साखर!"

तो गरम आबोलो हातात धरूनच झिग्बोर्दीनं सांगितलं. दोन अफी, एक फोटो, आतून ओढलेलं कुलूप. सांगताना तिची जीभ अडखळली, एन्योनामला निम्मं कळलं नाही, पण नको ते नेमकं कळलं.

"म्हणजे हा कागद माझ्या अफीचा नाही?"

"नाही."

"तू मला विचारलंस, 'हीच ना?' मी हो म्हटलं. माझ्या पोटच्या पोरीला मी ओळखलं नाही?" ती खाली बसली. "अगं, पण तू तरी नंबर विचारायचास! कार्ड माझ्या मुठीत होतं. घामानं भिजलं बघ. तू मला हातसुद्धा लावू दिला नाहीस."

 बाजारातली अफी उठून उभी राहिली होती. आईपेक्षा उंच, हातावर पिठाचे पांढरे डाग. ती एवढंच म्हणाली, "आई, कार्ड दे. चल."

कचेरी टेकाडावर आहे. एफो डोत्से पुढे, त्याच्यामागे एन्योनाम आणि तिची अफी. झिग्बोर्दी खरं तर सगळ्यांच्या पुढे असायची, पण आज पाय जड झाले होते. तळ्यावरची अफी तिच्या बरोबरीनं चालायला लागली.

"दावी, ती जागा सोडवायलाच हवी का?"

"हवी. ती तुझी नाही गं. दुसरीच्या आईनं निवडलेली."

"हो. ते कळतं मला." थोडा चढ चढल्यावर ती म्हणाली, "तिकडे तळं नाही म्हणे. भट्ट्याही नाहीत. राहायला पलंग देतात."

"घरी कोण कोण आहे?"

"पापा. दोन धाकटे. नवी आई. नव्या आईची बहीणही आलीये आता, तीही भट्टीवर बसते. माझ्यावाचून काही अडत नाही, पण सवय लागलीये ना सगळ्यांना." मग खूप हळू: "पलंग देणारी शाळा तेवढी एकच आहे का?"

झिग्बोर्दी चालता चालता थांबली. "नाही गं. पुष्कळ आहेत. पानावर वरती दिसतात त्या जवळच्या. खाली सरकवत गेलं की लांबच्या दिसतात. शेजारी पलंगाचं चिन्ह असतं."

"मग लोक बघत का नाहीत?"

"मी बघू देत नाही," झिग्बोर्दी म्हणाली. "मीच भराभर दाबून टाकते."

कचेरीत अहियाबोरसाहेब एकटे होते. मोठ्या पोटाचे, मोठ्या मनाचे, आणि संगणकाला घाबरून असणारे. सगळं ऐकून ते म्हणाले, "सोडवतो की! सोडवायचा अधिकार आहे मला. पान तेवढं उघडत नाहीये. सकाळपासून मडकं दाबतोय, आणि मला मागच्या वर्षाची पोरं दिसतात. धीरताई, हे मडकं कुणाच्या हातचं?"

मडकं तिच्याच हातचं होतं. मागच्या वर्षी उभ्या उभ्या, चहा न घेता लावून दिलेलं. तेही आतूनच ओढलेलं.

"माझ्याच," ती म्हणाली.

"तरीच कललंय," साहेब म्हणाले. तिच्या आईला ते ओळखत होते.

तिनं खुर्ची ओढली आणि ती बसली. दुरुस्ती करताना ती बसते हे साहेबांनी पहिल्यांदाच पाहिलं. जुना शॉर्टकट पुसला. ब्राउझरची आठवण पुसून टाकली. पत्ता एकेक अक्षर बघत टाइप केला, नंबर विचारणारं पहिलं पान उघडलं, मग कुलूप धरलं आणि बाहेर ठेवलं. नवं मडकं दाबून पाहिलं. उंबरा आला. बंद केलं, पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा उंबराच. दारातून एफो डोत्से करवादला, "किती वेळ?" तिचा पाय उडायला लागला होता, तो तिनं दुसऱ्या पायाखाली दाबून धरला.

आता खरी कसोटी होती. साहेबांनी जागा सोडली की ती क्षणभर सगळ्या देशासाठी मोकळी होणार. बाजारातल्या अफीनं तेवढ्यात ती पकडली नाही, तर कुठल्या तरी भलत्याच गावातलं पोर ती घेऊन जाणार. झिग्बोर्दीनं लॅपटॉप उघडून तिच्यापुढे ठेवला. अफीनं ओलं कार्ड सरळ करून आपला नंबर टाकला. तिचं पान उघडलं: डोत्से, अफी. फोटोत पुन्हा तोच निळा पडदा, तेच कापलेले केस. यावेळी एन्योनामनं नाक काचेला लावून पाहिलं. "हनुवटीवर तीळ आहे. हीच. देवाशपथ हीच."

"दावी, तूच दाब," अफी घाबरून म्हणाली. "तुझा हात चपळ आहे."

झिग्बोर्दीचे दोन्ही हात पुढे झालेसुद्धा. मग तिनं ते मागे घेतले आणि मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसली. "नाही. तुझं तू. शाळेचं नाव दिसलं की त्यावर, मग 'खात्री आहे' वर. घाई करू नकोस आणि थांबूही नकोस."

"हे दोन्ही एकदम कसं करायचं असतं?" एन्योनाम रडकुंडीला आली.

"सोडतोय," साहेब म्हणाले आणि त्यांनी दाबलं.

लॅपटॉपवरचं चक्र फिरत राहिलं. एन्योनाम तोंडानं प्रार्थना पुटपुटत होती, त्यातच झिग्बोर्दीच्या नावानं शिव्याही मिसळल्या होत्या. झिग्बोर्दीच्या मांड्यांखालचे हात चिमटल्यासारखे होत होते. पान आलं. डोंगरातली शाळा, एक जागा. पिठाचं बोट खाली आलं. 'खात्री आहे?' पुन्हा बोट. पुन्हा चक्र. मग हिरवी ओळ.

एन्योनाम यावेळी नाचली नाही. आधी तिनं काचेवरचा नंबर कार्डाशी आकडान् आकडा पडताळला, आणि मग लेकीला मिठी मारून ती भोकाड पसरून रडली. झिग्बोर्दीलाही हुंदका आला, तो तिनं आवरला नाही.

"झालं ना तुमचं?" एफो डोत्से म्हणाला. "आता आमचं. दिवसाची शाळा लाव आणि मला जाऊ दे. जाळी वाळत टाकलीयेत."

साहेबांच्या मशीनवर तळ्यावरच्या अफीचं पान उघडं होतं. आता ते कोरं होतं. साहेब उठले, झिग्बोर्दीही उठली, आणि अफी खुर्चीत बसली. माउस तिनं पहिल्यांदाच हातात धरला असावा. बाण काचेच्या कोपऱ्यात जाऊन अडकला. तिथून तो मध्यभागी आणायलाच तिला खूप वेळ लागला. इथली दिवसाची शाळा पानाच्या अगदी वर होती, पहिलीच.

"ती बघ, वरचीच," एफो डोत्से दारातून म्हणाला. "धीरताई, घे ना तिच्या हातातून. संध्याकाळ करेल ही."

झिग्बोर्दी हलली नाही. अफीनं पान खाली सरकवलं. हो शहराजवळच्या शाळा गेल्या. समुद्राकडच्या गेल्या. ती ओठ हलवत वाचत होती. पलंगाचं चिन्ह आलं की थांबत होती, नाव वाचत होती, पुढे जात होती. झिग्बोर्दी तिच्या पाठीशी उभी होती आणि तिला सगळं दिसत होतं. एक शब्द उच्चारला असता तर बाप दारातून आत आला असता. आपल्या घाईनं तिनं गावाचं आजवर पुष्कळ नुकसान केलं होतं. आता तिनं नुसतं उभं राहायचं ठरवलं. आयुष्यात इतकं अवघड काम तिनं केलं नव्हतं. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायलाही ती हात उचलत नव्हती.

बाण थांबला. उत्तरेकडचं एक गाव, मुलींची शाळा, पलंगाचं चिन्ह. अफीनं ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग वर आपलं नाव वाचलं, नंबर वाचला, फोटो पाहिला. दाबलं. 'खात्री आहे?' तिनं मागे वळून बापाकडे पाहिलं, त्याची पाठ दाराकडे होती, तो तळ्याच्या दिशेनं बघत होता. तिनं दाबलं.

साहेबांचा प्रिंटर चांगला होता. कागद बाहेर आला तेव्हा फोटो स्वच्छ उमटला होता. एफो डोत्सेनं तो घेतला, वाचायला लागला, आणि त्याचा आवाज चढत गेला. "हे काय? हे कुठलं गाव? ही शाळा मी सांगितली का? धीरताई! तुझं चित्र पुन्हा चुकीचं उघडलं?"

 अफीनं मान खाली घातली. साहेबांनी पोटावर हात ठेवले आणि छताकडे पाहिलं. आणि झिग्बोर्दीला दिसलं की 'हो' म्हणून सगळा दोष आपल्याकडे घेणं किती सोपं आहे. गावानं विश्वास ठेवला असता, पोर वाचली असती.

"नाही एफो," ती म्हणाली. "यावेळी बरोबर उघडलं. तिनं वाचून दाबलंय."

एफो डोत्सेनं मुलीकडे पाहिलं.  तिचे लाल डोळे बहुधा त्याला सवयीनं दिसत नव्हते, ते त्या खिडकीच्या उजेडात दिसले असावेत. दादाला काय सांगायचं, याचा तो विचार करत होता हे सगळ्यांना कळत होतं. मग त्यानं कागदावरचा फोटो पाहिला आणि अंगठ्यानं त्यावरची नसलेली धूळ पुसली.

"अहियाबोरसाहेब," त्यानं विचारलं, "या गावात मासे मिळतात का हो?"

साहेबांना माहीत नव्हतं. झिग्बोर्दीलाही माहीत नव्हतं. उत्तर अफीनं दिलं, खाली बघतच.

"तुम्ही धाडा ना, पापा. धुरावलेले."